समेवरची शांतता : ‘द पोलिस’ या बँडचा उदय आणि अस्त

आठ मात्रांचा केरवा आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून मुरलेला असतो. भजन असो, भावगीत असो किंवा चित्रपटगीत असो, पहिल्या मात्रेवर सम येते आणि ठेका तिथे टेकतो. पाचव्या मात्रेवर खाली येते आणि तिथे तो हलका होतो. आता हीच रचना उलटी करून पाहा. समेवर काहीच वाजवायचे नाही, तिथे नुसती शांतता ठेवायची, आणि ड्रमचा सर्वांत जड ठोका खालीच्या जागी टाकायचा. गिटारवादकाने तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर एक तुटक, कोरडा आघात करायचा आणि लगेच तारा दाबून त्याचा नाद मिटवायचा. जमैका बेटावर १९६०च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आलेल्या रेगे संगीतातील एका प्रमुख ठेक्याचे हे ढोबळ वर्णन आहे. ‘वन ड्रॉप’ म्हणून तो ओळखला जातो आणि त्याची सारी जादू त्या मोकळ्या सोडलेल्या समेत असते.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला १९७६-७७च्या सुमारास लंडनमध्ये उसळलेले पंक संगीत होते. पंकमध्ये मोकळी जागा नावाची गोष्टच नव्हती. द्रुत लय, प्रत्येक मात्रेवर सारख्या जोराने वाजणारी गिटार, तीन-चार सोपे कॉर्ड (एकत्र छेडलेले स्वरगुच्छ), ओरडून म्हटलेले शब्द आणि अडीच-तीन मिनिटांत संपणारे गाणे, असा तो मामला होता. एक संगीत वाट पाहायला लावणारे, तर दुसरे क्षणभरही न थांबणारे. ही दोन्ही एकाच गाण्यात नांदू शकतील, असे सहसा कुणाच्या मनात आले नसते.

लंडनमध्ये १९७७ साली उभ्या राहिलेल्या ‘द पोलिस’ या तिघांच्या बँडने ती नांदवून दाखवली, आणि वर जॅझमधील स्वरांचा एक पातळसा थरही दिला. १९७८ ते १९८३ या अवघ्या पाच वर्षांत त्यांनी पाच अल्बम काढले, ब्रिटनमध्ये त्यांची पाच गाणी पहिल्या क्रमांकावर गेली, आणि लोकप्रियतेच्या अगदी शिखरावर असताना हा बँड थांबला. सर्वसाधारणपणे बँड थांबतात ते श्रोते पाठ फिरवतात म्हणून. इथे श्रोते वाढतच होते. त्यामुळे या अस्ताचे कारण विक्रीच्या आकड्यांत सापडत नाही. ते संगीताच्या आतच शोधावे लागते, आणि माझ्या मते ते त्या मोकळ्या सोडलेल्या जागेत आहे. जोवर तिघे एकमेकांसाठी जागा सोडत होते, तोवर तो बँड होता. ती जागा भरत गेली तसतसा तो एका गीतकाराचा साथसंच होत गेला.

पुढे जाण्यापूर्वी ‘न्यू वेव्ह’ या शब्दाचा उलगडा करायला हवा, कारण तो संगीतप्रकारापेक्षा बाजारातील सोयीचा शब्द अधिक होता. पंक या नावाला दंगा, शिवराळपणा आणि फाटक्या कपड्यांचा वास येत असे, त्यामुळे रेडिओ केंद्रे आणि दुकानदार त्याला बिचकत. पंकची ऊर्जा आणि काटकसर ज्यांच्यात आहे, पण ज्यांना सुरावटीचे, प्रयोगांचे आणि चांगल्या वादनाचे वावडे नाही, अशा नव्या बँडना तबकडी-कंपन्यांनी ‘न्यू वेव्ह’ म्हणायला सुरुवात केली. अमेरिकेत ‘टॉकिंग हेड्स’ आणि ‘ब्लाँडी’, इंग्लंडमध्ये एल्व्हिस कॉस्टेलो आणि ‘द पोलिस’ असे एकमेकांशी फारसे न जुळणारे कलाकार या एकाच छत्रीखाली आले. म्हणूनच न्यू वेव्हची व्याख्या करताना ‘कसे वाजते’ हे सांगणे अवघड जाते. ‘कशानंतर आले’ हे सांगणे त्या मानाने सोपे आहे.

रेगे लंडनमध्ये कसे पोहोचले, हेही लक्षात घेतले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९४८ पासून, कॅरिबियन बेटांवरून हजारो लोक कामधंद्यासाठी इंग्लंडमध्ये आले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे संगीतही आले. पंकचा गाजलेला अड्डा असलेल्या लंडनच्या ‘रॉक्सी’ क्लबमध्ये तबकड्या वाजवण्याचे काम डॉन लेट्स हा जमैकन आईवडिलांचा तरुण करीत असे. पंकच्या तबकड्या तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या होत्या, त्यामुळे दोन बँडच्या मधल्या वेळेत तो रेगे लावी. अशा रीतीने पंकच्या श्रोत्यांचे कान रेगेसाठी आधीच तयार होत होते. ‘द क्लॅश’सारख्या बँडनेही १९७७ मध्येच रेगे गीत पंकच्या अंगाने गाऊन पाहिले होते. तेव्हा पंक आणि रेगे यांना प्रथम ‘द पोलिस’नेच एकत्र आणले, असे म्हणता येत नाही. त्यांचे वेगळेपण मिश्रणाच्या पद्धतीत होते, आणि ती पद्धत त्या तिघांच्या पूर्वायुष्यातून आली होती.

बँडची कल्पना ड्रमवादक स्टुअर्ट कोपलंड याची. तो अमेरिकन, जन्म १९५२चा. वडील अमेरिकेच्या गुप्तचर संघटनेत असल्याने बालपण कैरो आणि बैरूत या शहरांत गेले. अरबी संगीतातील ठेके त्याच्या कानांवर लहानपणीच पडले होते, आणि त्यांतील काहींमध्ये पहिल्या ठोक्यापेक्षा नंतरच्या ठोक्याला वजन असते. त्यामुळे रेगेचा उलटा तोल त्याला परका वाटला नाही. लांब, गुंतागुंतीच्या रचना वाजवणाऱ्या ‘कर्व्हड एअर’ या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडमध्ये तो वाजवत होता, पंकची लाट पाहून त्याला झटपट उभा राहणारा, कमी माणसांचा बँड काढायचा होता.

त्याला गायक आणि बासवादक (बास म्हणजे खर्जाचे स्वर देणारी गिटार) मिळाला तो इंग्लंडच्या ईशान्येकडील जहाजबांधणीच्या गावातून आलेला गॉर्डन समनर. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या स्वेटरमुळे त्याला ‘स्टिंग’ हे टोपणनाव पडले होते. तो दिवसा प्राथमिक शाळेत शिकवत असे आणि रात्री ‘लास्ट एक्झिट’ या जॅझ-फ्यूजन बँडमध्ये बास वाजवत असे. त्याचा आवाज उंच, थोडा खरखरीत आणि लांबूनही ओळखू येणारा होता, आणि गाणी लिहिण्याची त्याची भूक मोठी होती.

सुरुवातीला गिटारवर कॉर्सिकाचा आंरी पादोवानी होता. मे १९७७ मध्ये निघालेली त्यांची पहिली तबकडी सरळसोट पंक होती आणि आज ती ऐकताना पुढच्या ‘द पोलिस’ची फारशी चाहूल लागत नाही. त्याच सुमारास एका वेगळ्या, अल्पायुषी बँडच्या निमित्ताने स्टिंग आणि कोपलंड यांची अँडी समर्स या गिटारवादकाशी गाठ पडली. समर्सचा जन्म १९४२चा. म्हणजे तो या दोघांपेक्षा जवळजवळ दहा वर्षांनी मोठा. १९६०च्या दशकातील अनेक बँडमध्ये तो वाजवून चुकला होता, ‘सॉफ्ट मशीन’ आणि ‘द अ‍ॅनिमल्स’ यांच्याबरोबर काही काळ फिरला होता, आणि कॅलिफोर्नियात विद्यापीठात अभिजात गिटार शिकला होता. तो आल्यावर थोडे दिवस चौघे एकत्र वाजवत होते. मग पादोवानी बाहेर पडला आणि ऑगस्ट १९७७ पासून तिघांचा बँड पक्का झाला.

त्या काळच्या पंक मंडळींनी या तिघांकडे संशयाने पाहिले. एकाचे वय चौतिशीला पोहोचलेले, दुसरा जॅझवाला, तिसरा प्रोग्रेसिव्ह रॉकमधून आलेला. शिवाय तिघांनाही वाद्ये उत्तम वाजवता येत होती, आणि पंकच्या नीतिशास्त्रात तो गुन्हाच होता. १९७८ च्या सुरुवातीला एका च्युइंग गमच्या जाहिरातीत पंक बँड म्हणून दिसण्यासाठी तिघांनी केस सोनेरी रंगवले. ती जाहिरात दाखवलीच गेली नाही, पण केसांचा तो रंग कायम राहिला आणि बँडची ओळख बनला.

आता ज्या गाण्यापासून खरी सुरुवात झाली, त्या ‘रॉक्सॅन’कडे वळू. ऑक्टोबर १९७७ मध्ये बँड पॅरिसला गेला असताना, हॉटेलच्या आसपास उभ्या राहणाऱ्या वेश्या पाहून स्टिंगला या गाण्याची कल्पना सुचली. त्यातील नाव त्याने ‘सिरानो द बर्जराक’ या प्रसिद्ध फ्रेंच नाटकाच्या नायिकेवरून घेतले. स्टिंगने ते ब्राझीलच्या बोसा नोव्हाच्या अंगाने, मऊ लयीत रचले होते. कोपलंडने त्याचा ठेका बदलून त्याला टँगोची धार दिली आणि बासचे स्वर अपेक्षित जागेवरून हलवले. परिणामी गाण्याच्या कडव्यात गिटार कोरडे, तुटक आघात करते, बास आडवळणाने येतो आणि मधे बरीच शांतता उरते. ध्रुवपद येताच मात्र सारी वाद्ये पंकच्या जोमाने एकत्र कोसळतात. कडव्यात साठवलेला ताण ध्रुवपदात सुटतो. मिश्रणाची खरी किल्ली हीच आहे. दोन संगीतप्रकार एकमेकांत विरघळवून त्यांचा लगदा न करता, त्यांना शेजारी शेजारी उभे करून त्यांच्यातील फरकच श्रोत्याला जाणवून द्यायचा. ‘द पोलिस’च्या पहिल्या दोन अल्बममधील बरीच गाणी या तत्त्वावर उभी आहेत.

या ध्वनिमुद्रणाच्या अगदी सुरुवातीला पियानोचा एक बेसूर झणत्कार आणि मागून हसण्याचा आवाज ऐकू येतो. स्टिंग चुकून पियानोच्या पट्ट्यांवर बसला होता. तो आवाज पुसून टाकण्याऐवजी तसाच ठेवला गेला. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण पुढच्या काळात याच बँडच्या ध्वनिमुद्रणांत अपघाताला जागाच उरली नाही.

‘रॉक्सॅन’ बँडच्या व्यवस्थापकाला, म्हणजे कोपलंडचा थोरला भाऊ माइल्स याला, एकदम पटले आणि त्याने ते ‘ए अँड एम’ या कंपनीकडे नेले. त्याने आगाऊ रक्कम मागितली नाही. त्याऐवजी विक्रीतील वाटा अधिक चांगला ठरवून घेतला. हा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. तबकडी-कंपनी नव्या बँडला जी आगाऊ रक्कम देते ती प्रत्यक्षात उचल असते. तबकडी विकल्यावर बँडच्या वाट्यातून ती आधी वळती करून घेतली जाते, आणि मोठी उचल घेतलेले कित्येक बँड नाव झाल्यावरही कर्जातच राहतात. ‘द पोलिस’ने उचलच घेतली नाही, त्यामुळे त्यांच्यावर दडपणही कमी राहिले. पहिला अल्बम त्यांनी लेदरहेड या गावातील एका छोट्या स्टुडिओत, पेशाने डॉक्टर असलेल्या नायजेल ग्रे या ध्वनिमुद्रकाबरोबर, सुमारे दीड हजार पौंडांत पुरा केला.

एप्रिल १९७८ मध्ये ‘रॉक्सॅन’ बाजारात आले तेव्हा ते जवळजवळ कुणाच्या लक्षातच आले नाही; विषयामुळे बीबीसीनेही ते फारसे वाजवले नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिघे स्वस्तातल्या विमानाने अमेरिकेला गेले. अमेरिकेत त्यांचा अल्बम अजून निघाला नव्हता. एका व्हॅनमध्ये वाद्ये भरून ते पूर्व किनाऱ्यावरच्या छोट्या क्लबांतून वाजवत फिरले, आणि पकीप्सी या गावात तर समोर तीन-चारच श्रोते होते. पण तीनच माणसे, एकच गाडी आणि किमान सामान यामुळे हा दौरा त्यांना परवडला, आणि ते जिथे वाजवून गेले तिथल्या रेडिओ केंद्रांनी हळूहळू ‘रॉक्सॅन’ उचलले. १९७९ मध्ये तेच गाणे पुन्हा प्रसिद्ध झाले तेव्हा ते ब्रिटनमध्ये बाराव्या आणि अमेरिकेत बत्तिसाव्या क्रमांकापर्यंत चढले.

ऑक्टोबर १९७९ मध्ये आलेला ‘रेगाटा द ब्लाँ’ हा दुसरा अल्बम मला या बँडचा सर्वांत शुद्ध नमुना वाटतो. त्यातील ‘मेसेज इन अ बॉटल’ आणि ‘वॉकिंग ऑन द मून’ ही दोन्ही गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. त्यातील दुसरे गाणे शांतपणे बसून ऐकावे. बासचे मोजके स्वर येतात आणि थांबतात. गिटारचा एकच लांब, तरंगता कॉर्ड हवेत सोडलेला असतो. कोपलंड हाय-हॅट या जोडझांजेवर हलके काम करतो आणि प्रतिध्वनी निर्माण करणाऱ्या यंत्रामुळे एका ठोक्याचे तीन-चार ठोके होऊन विरत जातात. जमैकाच्या ध्वनिमुद्रकांनी ‘डब’ या प्रकारात प्रतिध्वनीचा आणि रिकाम्या जागेचा जो वापर केला होता, त्याची ही जिवंत वादनातली आवृत्ती आहे. चंद्रावर चालण्याचा भास शब्दांपेक्षा या पोकळीतूनच अधिक होतो.

तिघांची कामे इथे स्पष्ट वाटलेली दिसतात. रॉकमध्ये सहसा ड्रम आणि बास मिळून भक्कम पाया घालतात आणि गिटार त्यावर मिरवते. इथे स्टिंगला बास वाजवता वाजवता गायचे असल्याने तो कमी स्वर वाजवतो. त्यामुळे जागा निर्माण होते. समर्स ती जागा एकल वादनाने भरून टाकत नाही. तो जॅझमधील अधिकच्या स्वरांचे, ना आनंदी ना दुःखी असे कॉर्ड ठेवतो आणि बाजूला होतो. उरलेल्या हालचालीची जबाबदारी कोपलंडवर येते, म्हणून त्याचे ड्रम सतत बोलत असतात. घट्ट ताणलेल्या, टणत्कार करणाऱ्या स्नेअर ड्रमचा त्याचा आवाज पुढे अनेकांनी उचलला. कोपलंडचा स्वभाव लय पुढे रेटण्याचा आणि स्टिंगचा ती रोखून धरण्याचा. या ओढाताणीतूनच त्यांच्या ठेक्याला तो विशिष्ट ताण येत असे.

मार्च १९८०मध्ये हा बँड मुंबईत येऊन गेला, आणि आपल्याकडच्या पाश्चात्त्य संगीताच्या चाहत्यांमध्ये ती आठवण अजून निघते. ब्रिटन-अमेरिकेच्या नेहमीच्या वाटेबाहेर, जपान, हाँगकाँग, भारत, इजिप्त, ग्रीस असा जगाचा फेरा त्यांनी काढला होता. २६ मार्च १९८० रोजी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातील होमी भाभा सभागृहात त्यांचा कार्यक्रम झाला. तो ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ने धर्मादाय कार्यासाठी आयोजित केला होता, ही मुंबईतील महिलांची संस्था एरवी पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफलींसाठी ओळखली जाई. लोकप्रियता ऐन भरात असलेला पाश्चात्त्य रॉक बँड भारतात येणे त्या काळी फारच दुर्मीळ होते. या दौऱ्याचे चित्रीकरणही झाले आणि त्यात मुंबईच्या रस्त्यांबरोबर त्या रात्रीचे अंश पाहायला मिळतात.

घसरणीची पहिली खूण मला त्याच वर्षीच्या तिसऱ्या अल्बममध्ये दिसते, जरी विक्रीचा आलेख तेव्हा वरच चालला होता. ‘झेन्याटा मोंडाटा’ हा अल्बम, कर वाचवण्यासाठी इंग्लंडबाहेर, नेदरलँड्समधील हिल्वर्सम येथे चार आठवड्यांत उरकला गेला. पुढचा दौरा सुरू होण्याच्या दिवशी पहाटेपर्यंत काम चालले होते. त्यातील ‘डोंट स्टँड सो क्लोज टू मी’ हे १९८० मधील ब्रिटनचे सर्वाधिक खपाचे सिंगल, म्हणजे एका गाण्याची सुटी तबकडी, ठरले आणि अमेरिकेनेही त्यांना पहिल्या दहांत स्थान दिले. पण तिघांनाही हा अल्बम मनाजोगता झाला नाही असे वाटत राहिले. समर्सने त्यात ‘बिहाइंड माय कॅमल’ नावाची एक वाद्यरचना आणली. स्टिंगला ती इतकी नावडली की त्याने त्यात बास वाजवायला नकार दिला, समर्सला बासही स्वतःच वाजवावा लागला, आणि स्टिंगने तिची टेप स्टुडिओमागच्या बागेत पुरून टाकली. ती पुन्हा उकरून काढण्यात आली. पुढे याच रचनेला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

हा किस्सा गमतीने सांगितला जातो, पण त्यामागचा प्रश्न गंभीर आहे. तिघांपैकी प्रत्येक जण रचनाकार होता; मात्र लोकप्रिय होणारी जवळजवळ सारी गाणी एकट्या स्टिंगची होती. इथे पैशाचा हिशेबही समजून घ्यावा लागतो. एका गाण्यातून दोन वेगळ्या वाटांनी पैसा येतो. ध्वनिमुद्रणाचा पैसा, म्हणजे ती विशिष्ट तबकडी विकल्याचा वाटा, वाजवणाऱ्या साऱ्यांत विभागला जातो. रचनेचा पैसा, म्हणजे शब्द आणि चाल यांचे स्वामित्वशुल्क, मात्र ज्याच्या नावावर गाणे नोंदलेले असते त्याला मिळतो. तेच गाणे दुसऱ्या कुणी गायले, चित्रपटात घेतले, रेडिओवर वाजले, तरी तो मिळत राहतो. गाण्याचा ठेका कुणी बदलला, कॉर्ड कुणी उघडे केले, ओळख बनलेला गिटारचा तुकडा कुणी शोधला, हे योगदान कायद्याच्या नजरेत बहुधा ‘रचना’ न ठरता ‘मांडणी’ ठरते. ज्या बँडचे वैशिष्ट्यच मांडणीत होते, त्याच्यासाठी हा नियम फार कडू होता.

१९८१चा ‘घोस्ट इन द मशीन’ हा चौथा अल्बम कॅरिबियनमधील मॉन्सेरात बेटावरच्या स्टुडिओत, ह्यू पॅजम या नव्या ध्वनिमुद्रकाबरोबर झाला. जागा भरायला सुरुवात झाली ती इथे. स्टिंगने स्वतः सॅक्सोफोन वाजवून त्यांचे थरावर थर चढवले, सिंथेसायझर आला, आवाज दाट झाला. ‘एव्हरी लिटल थिंग शी डझ इज मॅजिक’ या गाण्याची कहाणी तर फार बोलकी आहे. स्टिंगने ते आधीच कॅनडात ज्याँ रूसेल या पियानोवादकाबरोबर नमुना म्हणून जवळजवळ पूर्ण करून आणले होते. बँडने ते आपल्या पद्धतीने अनेकदा वाजवून पाहिले. पण नमुन्याला काही केल्या सर येईना. अखेर त्या तयार ध्वनिमुद्रणावरच कोपलंडने ड्रम आणि समर्सने गिटार चढवली. गाणे ब्रिटनमध्ये पहिले आणि अमेरिकेत तिसरे आले. ते सुंदर आहे यात शंका नाही, पण ‘रॉक्सॅन’च्या वेळी स्टिंगने अर्धवट गाणे आणले होते आणि बँडने त्याला घडवले होते, आता गाणे घडूनच येत होते.

अल्बम सरसकट वाईट आहे असा याचा अर्थ नाही. उत्तर आयर्लंडमधील हिंसाचाराच्या पार्श्वभूमीवरचे ‘इन्व्हिजिबल सन’ हे गाणे त्यांच्या सर्वांत धाडसी गाण्यांपैकी एक आहे. त्याची चित्रफीत दाखवायला बीबीसीने नकार दिला. त्याचा दाट, अंधारा आवाज त्या विषयाला शोभतो. माझा मुद्दा एवढाच, की या आवाजासाठी याच तीन माणसांची गरज होती, असे आता छातीठोकपणे म्हणता येत नव्हते.

पाचवा आणि शेवटचा अल्बम ‘सिंक्रोनिसिटी’ जून १९८३ मध्ये आला. तो पुन्हा मॉन्सेरातला झाला, आणि त्या ध्वनिमुद्रणाची व्यवस्थाच सारे काही सांगून जाते. कोपलंडचे ड्रम वरच्या बंगल्यातील जेवणाच्या खोलीत मांडलेले होते, समर्स स्टुडिओच्या मुख्य दालनात आणि स्टिंग नियंत्रण कक्षात. आवाज स्वच्छ मिळावा ही त्यामागची तांत्रिक सोय होती खरी, पण तिघे एकमेकांना न पाहता वाजवत होते. भांडणे इतकी वाढली की काम सोडून द्यावे की पुढे न्यावे, यावर व्यवस्थापकाला येऊन बैठक घ्यावी लागली.

आणि तरीही याच खोल्यांतून ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ बाहेर आले. स्टिंगच्या नमुन्यात ऑर्गनचे भरलेले कॉर्ड होते. समर्सला मोकळीक मिळाली तेव्हा त्याने ते सारे काढून टाकले आणि त्यांच्या जागी एकेक स्वर सुटा वाजणारा गिटारचा आकृतिबंध ठेवला. पेटीवर वाजवून पाहायचे असेल तर सा, प, त्यावरचा तार सप्तकातील रे आणि त्याला लागून ग, असे ते स्वर आहेत. नेहमीच्या कॉर्डमध्ये नसलेला हा रे आणि शेजारचा ग यांच्यात जी बारीकशी घसट होते, तिच्यामुळे वरवर गोड वाटणारे गाणे अस्वस्थ करीत राहते. शब्दही प्रेमाचे वाटतात, पण ते खरे तर पाळत ठेवणाऱ्या, मालकी गाजवणाऱ्या माणसाचे आहेत. ड्रम इथे अगदी साधे, एकसारखे. कोपलंडला ही साधेपणाची सक्ती रुचली नव्हती. गाणे अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, त्याला वर्षातील सर्वोत्तम गीताचा ग्रॅमी मिळाला, आणि मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’चे राज्य असलेल्या काळात ‘सिंक्रोनिसिटी’ अमेरिकेत एकूण सतरा आठवडे अव्वल राहिला.

१८ ऑगस्ट १९८३ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे सत्तर हजार लोकांसमोर ते वाजवत होते. ‘बीटल्स’नी १९६५ मध्ये गाजवलेले हेच ते मैदान. इथून वर जायला जागा नाही, तेव्हा आता थांबावे, असे त्या रात्री मनात आल्याचे स्टिंगने नंतर सांगितले आहे. मार्च १९८४ मध्ये मेलबर्नला दौरा संपला. फुटल्याची कोणतीही घोषणा झाली नाही. ‘विश्रांती’ असाच शब्द वापरला गेला. १९८५ मध्ये स्टिंगने ब्रॅनफर्ड मार्सालिस, केनी कर्कलंड यांसारख्या तरुण जॅझ वादकांना घेऊन पहिला स्वतंत्र अल्बम काढला आणि तो चांगला चालला. ज्या सहकाऱ्यांशी प्रत्येक मांडणीवरून झगडावे लागते त्यांच्याकडे परतण्याचे कारण त्याला उरले नाही.

जून १९८६ मध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मदतीसाठी झालेल्या तीन कार्यक्रमांत ते एकत्र आले. अखेरच्या कार्यक्रमात त्यांनी आपली वाद्ये ‘यू टू’ या आयरिश बँडच्या हाती सोपवली. त्यानंतर नव्या अल्बमसाठी स्टुडिओत भेटले, पण कोपलंड घोड्यावरून पडून त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. ड्रम वाजवता येत नसल्याने ठेका यंत्रावर रचायचा ठरले, आणि मग कोणत्या कंपनीचे यंत्र वापरायचे यावरून वाद सुरू झाला. तिघांच्या ओढाताणीतून जिथे ठेका जन्मत होता, तिथे आता दोन संगणकांची ओढाताण होती. हाती आले ते एका जुन्या गाण्याचे नवे, थंड रूप, आणि ‘द पोलिस’ तिथे संपला.

२००७ मध्ये ग्रॅमी समारंभात ‘रॉक्सॅन’ वाजवून ते परतले आणि ऑगस्ट २००८ पर्यंत जगभर फिरले. तो दौरा त्या काळच्या सर्वाधिक कमाईच्या दौऱ्यांपैकी एक ठरला. नवे गाणे मात्र एकही झाले नाही.

समर्सच्या त्या सुट्या स्वरांचा प्रवास अजून चालूच आहे. १९९७ मध्ये पफ डॅडी या अमेरिकन रॅप कलाकाराने आपल्या दिवंगत मित्रासाठी केलेल्या गाण्यात गिटारचा तोच आकृतिबंध जसाच्या तसा उचलला आणि ते गाणे जगभर गाजले. रचना स्टिंगच्या नावावर असल्याने तिचे शुल्क त्याच्याकडे गेले. २०२५ मध्ये समर्स आणि कोपलंड यांनी न मिळालेल्या स्वामित्वशुल्कासाठी स्टिंगविरुद्ध लंडनच्या उच्च न्यायालयात दावा दाखल केला. तो झाला तेव्हा अँडी समर्स ब्याऐंशी वर्षांचा होता.